आठ मिनिटांचा चहा

शनिवारी संध्याकाळी सव्वाआठला ओक्काचा सिनेमा टीव्हीवर लागला आणि रविवार दुपारपर्यंत ऑस्टरसीलमध्ये मत नसलेला माणूस औषधालाही उरला नाही. एरवी जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या या गावाला मत असतं ते फक्त वाऱ्याबद्दल. पण गेल्या वसंतात तीन आठवडे याच गावात त्याचं शूटिंग झालं होतं, आणि लिहिणारी ओक्का म्हणजे आमच्याच थेडाबाईंची मुलगी. त्यामुळे अग्निशमन दलाने बंब बाहेर काढून हॉलमध्ये बाकं मांडली, भिंतीवर पडदा लावला आणि अख्खं गाव एकत्र बघायला बसलं.

गोष्ट साधी होती. बावीस वर्षांपूर्वी एक मच्छीमार खाजणाच्या चिखलात नाहीसा झालेला असतो. हॅनोव्हरहून एक इन्स्पेक्टर येतो, त्याच्या बायकोला भेटतो, भावाला भेटतो, बंधाऱ्यावरून चालतो, मेंढ्या बघतो, पुन्हा चालतो. दीड तास हेच. बेकरीवाला ताम्मो म्हणाला, "बाकी सगळं ठीक, पण भरती दुपारची आणि सावली सकाळची! कुणाला फसवता?" पाद्रीणबाई म्हणाल्या, "चिंतनशील आहे." म्हणजे त्यांनाही डुलकी लागली होती.

पण सगळ्यांत मोठं मत दिलं ते हाब्बोकाकांनी, आणि तेही तोंडातून शब्द न काढता. एक तास पाच मिनिटं झाली होती. पडद्यावरचा इन्स्पेक्टर मेलेल्याच्या भावाला म्हणाला, "तुम्ही खोटं बोललात." पहिल्या रांगेतले काका उठले, टोपी घातली आणि सरळ मधूनच बाहेर निघाले. एवढा धिप्पाड माणूस! त्यांची सावली इन्स्पेक्टरच्या तोंडावर पडली आणि हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. कारण थेडाबाईंचा नवरा गेर्डही बावीस वर्षांपूर्वी खाजणातच गेला होता, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर गेलेले, एकटे परत आलेले, हे त्याचे धाकटे भाऊ हाब्बोच होते.

रविवारचा चहा थेडाबाईंकडे तीनला असतो. गेर्ड गेल्यापासून एकाही रविवारी हाब्बोकाका चुकले नव्हते. आज साडेतीन वाजले तरी त्यांची खुर्ची रिकामी होती.

"कॅसल शहरातला कुणी लिहितोय," वीबके फोनवरून वाचत होती. वीबके म्हणजे थोरल्या रेम्टची बायको, धक्क्यावर मासळीचे पाव विकते, आणि सकाळपासून पावाबरोबर सिनेमावरचं बोलणंही गिऱ्हाइकांकडून घेऊन आली होती. "'चहाच्या प्रसंगात मी उठलो, सहा शर्ट इस्त्री केले, परत आलो, तर ते चहाच पीत होते.' हा दुसरा. 'खुनी सापडेपर्यंत माझा जावई निवृत्त होईल असं वाटलं, आणि शेवटी खुनीच नाही! आमचा वेळ परत द्या.'"

"बास कर," रेम्ट म्हणाला.

"अरे, चांगलंही आहे. हूझुमची बाई म्हणते, 'आमच्याकडे माणसं अशीच गप्प बसतात. माझ्या आईची आठवण आली.'"

ओक्का ओट्याला टेकून उभी होती. कोलोनहून सकाळच्या गाडीने आली होती, अजून कोटही काढला नव्हता. गेल्या वर्षी छपराच्या दुरुस्तीवरून भावाशी कडाक्याचं भांडण झालं, त्यानंतर ती या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच उभी होती. "काका मधेच उठले हे मला कुणी फोन करून का नाही सांगितलं?"

"का, टाळ्या वाजवायच्या होत्या तुला?" रेम्ट म्हणाला. "सगळ्या गावादेखत तू त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंस. म्हातारा माणूस. परवा मंगळवारी तो गाव सोडून चाललाय, ब्रेमेनच्या वृद्धाश्रमात, आणि जाताना हा आहेर!"

"मी त्यांना सोडवलंय रे! शेवट बघितलास ना तू?"

"मी बघितला. त्यांनी नाही बघितला."

चहाचा तो प्रसंग दोन मिनिटांवर आण, असं निर्माता ओक्काला तीनदा म्हणाला होता. ती हटून बसली होती, आठ मिनिटं म्हणजे आठ मिनिटं. तेव्हा ऐकलं असतं तर शेवट सहा मिनिटं आधी आला असता, आणि काका कदाचित खुर्चीतच राहिले असते. ज्यांच्यासाठी तो शेवट लिहिला तेच आधी उठले, हे कळल्यापासून तिला खात होतं.

वीबकेने फोन उपडा ठेवला. नणंदेशी तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. ओक्का आली की दोघी शेगडीच्या दोन बाजूंना उभ्या राहत आणि हवापाण्याचं बोलत. पण आज नवऱ्याचा आवाज तिला सहन होईना.

"रेम्ट, एक विचारू? बावीस वर्षांत तू काकांना किती वेळा बोटीवर नेलंस?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"एकदाही नाही. 'वारा कसा आहे, काका? बरा आहे.' एवढंच तुमचं बोलणं. मनात तूच त्यांना पिंजऱ्यात ठेवलंस, आणि आज कळवळा कुणाचा? तिने निदान लिहून विचारलं. तू विचारलंसही नाहीस."

रेम्टचा चेहरा वाऱ्यात उभं राहिल्यासारखा लाल झाला. तो आईकडे वळला. लहानपणापासून कोंडीत सापडला की तो आईकडेच वळायचा. थेडाबाई खिडकीशी बसून बंधाऱ्यावरच्या वाटेकडे बघत होत्या. चहादाणीवर लोकरीची टोपी होती. पाच कप मांडलेले, प्रत्येकात खडीसाखरेचा खडा. मनुकांच्या पावाला लोणी लावून झालं होतं. चहा कधीचा कडू झाला असणार, पण त्यांनी ओतला नव्हता.

"आई, सांग ना हिला काहीतरी."

"खरं बोलतेय ती," थेडाबाई म्हणाल्या. "जा, घेऊन ये त्यांना."

"मी?"

"मग कुणी? ओक्का गेली तर तो दार उघडणार नाही. मी गेले तर..." त्यांनी चहादाणीवरची टोपी नीट केली. "तू जा."

रेम्टने जाकीट चढवलं आणि दार जरा जोरातच लावलं.

थेडाबाईंनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. सिनेमा त्यांनी हॉलमध्ये बघितला नव्हता, घरी एकटीने बघितला होता, दिवे घालवून. चहाचा प्रसंग त्यांना संथ वाटलाच नाही. उलट फार लवकर संपला. पडद्यावरची विधवा आणि तिचा दीर समोरासमोर बसतात. ती ओतते, तो पितो. आमच्याकडे पाहुण्याने चमचा कपात ठेवला की त्याला पुरे, तोवर घरच्या बाईने ओतत राहायचं. तीन कप हा ज्याचा त्याचा हक्क, पुढचं ज्याच्या त्याच्या मनावर. पडद्यावरचा दीर तिसऱ्या कपानंतर चमचा कपात ठेवतो, खिडकीबाहेर बघतो आणि उठतो. आणि तिचा हात चहादाणीच्या कानावर तसाच राहतो. चाळीस सेकंद. दुसरं काही नाही, नुसता हात. त्या हातावर लोक काय काय बोलले! कुणी म्हणालं, कॅमेरा बंद करायला विसरले.

तो हात म्हणजे थेडाबाईंचाच, दर रविवारचा. चौथा कप त्यांनी एकदाही ओतला नव्हता, कारण चमचा ठेवल्यावर ओतणं म्हणजे माणसाला धरून ठेवणं. आणि धरून ठेवावं इतका हक्क आपला आहे की नाही, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. हाब्बो रविवारी येतो ते मेलेल्या भावाचं देणं फेडायला, असं त्या धरून चालल्या होत्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत त्या रविवारची वाट बघत, आणि रविवारी साडेचारला त्याची पाठ बंधाऱ्यावरून जाताना बघत. परवा तो ब्रेमेनला जाणार. मग वाट बघण्यासारखं आठवड्यात काहीच नसणार. आणि हे सांगायचं कुणाला? सत्त्याहत्तराव्या वर्षी बाई असं कुणाला सांगते का?

"आई," ओक्का हळूच म्हणाली, "रागावलीस माझ्यावर?"

"कशाबद्दल?"

"त्या हाताबद्दल."

थेडाबाईंनी मुलीकडे बघितलं. बाप गेल्यानंतरची दोन वर्षं ही पोर रविवारी याच ओट्याशी भांडी पुसत उभी असायची. आपण समजत होतो, तिचं लक्ष भांड्यांत आहे.

"कोट काढ आधी," त्या म्हणाल्या. "पाहुण्यासारखी काय उभी?"

हाब्बोकाकांचं घर बंधाऱ्याच्या पायथ्याशी, उघाडीच्या, म्हणजे भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळ. रेम्ट आत शिरला तेव्हा काका खोक्यांना दोरी बांधत होते. भिंतीवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकसुद्धा उतरलं होतं.

"मॉइन, काका."

"मॉइन. वारा पडलाय आज."

"हो, पडलाय." रेम्टच्या तोंडून सवयीने निघालं, आणि वीबकेचे शब्द आठवून त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो एका खोक्यावर बसला. "आई थांबलीय. चहा ओतला नाही अजून."

"तिला म्हणावं, ओत. मी येत नाही."

"का?"

"कुठल्या तोंडाने येऊ? पोरीने भिंतीएवढं मोठं करून दाखवलं सगळ्यांना."

"तुम्ही शेवट बघितला नाही, काका."

"शेवट मला माहीत आहे." काकांनी गाठ आवळली. "मी होतो तिथे."

रेम्टने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. सिनेमाचा शेवट सांगायला त्याला शब्द सापडत नव्हते. कोळंबीच्या जाळ्याबद्दल तो तासभर बोलू शकला असता.

"शेवटी इन्स्पेक्टर उघाडीवरच्या रखवालदाराला भेटतो," तो म्हणाला. "म्हातारा असतो. तो सांगतो, त्या दिवशी धुकं उतरलं, पाणी भरायला लागलं, आणि धाकटा भाऊ एकटा बाहेर आला. मग परत आत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. तीनदा. तिसऱ्यांदा छातीपर्यंत पाणी होतं. इन्स्पेक्टर विचारतो, 'इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?' म्हातारा म्हणतो, 'कुणी विचारलं नाही.' संपला सिनेमा. खुनी कुणीच नाही. लोक वैतागले."

काका दोरीचं टोक हातात धरून उभे राहिले.

"फोकेनने सांगितलं असणार," ते म्हणाले. "तेव्हा उघाडीवर तोच होता."

"मरायच्या आधी त्याने ओक्काला सांगितलं म्हणे. म्हणजे खरं आहे?"

"भांडलो होतो आम्ही. कशावरून, ते आता आठवतसुद्धा नाही बघ. मी रागाने पुढे निघालो. तो मागे राहिला, आमिषाचे किडे खणत. मागे वळून बघितलं तर धुकं." काकांनी दोरी खोक्यावर टाकली. "तीनदा गेलो. चौथ्यांदा नाही गेलो, रेम्ट. भीती वाटली. म्हणून शोधत होतो एवढंच सांगितलं सगळ्यांना, किती ते नाही सांगितलं. तीन काय सांगायचं? तीन पुरले नाहीत."

रेम्टला वाटलं, आपल्याला कुणीतरी चिखलातून ओढून बाहेर काढलंय. बावीस वर्षं त्याने या माणसाबद्दल जे मनात धरलं होतं, ते धरायला आता कुठे जागाच नव्हती. त्याला बापाची फार आठवण आली, आणि त्याबरोबर या म्हाताऱ्याचीही, जो समोर उभा असून इतकी वर्षं दूर होता.

"मी तुमच्यावर संशय घेत होतो, काका."

"माहीत आहे. तू तोंडाने गप्प असतोस, पण पाठ फार बोलते तुझी."

"माफ करा मला."

"चल," काका म्हणाले आणि खुंटीवरची टोपी घेतली. "तिचा चहा कडू झाला असेल."

चार वाजून गेले होते. काकांना दारात बघून वीबके उठली आणि उगीचच पावाची ताटली सरकवली. ओक्का पुढे झाली, मधेच थांबली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शाळेतून आलेल्या पोरीच्या ठेवतात तसा, आणि खुर्चीत बसले.

थेडाबाईंनी चहा ओतला. खडीसाखर कपात तडतडली. चमच्याने कडेकडेने साय सोडली. चहा इतका कडू झाला होता की वीबकेचं तोंड वाकडं झालं, पण तिनेही तो संपवला. पहिला कप झाला. दुसरा झाला. रेम्टने काकांना विचारलं की बुधवारी पहाटे बोटीवर येता का, आणि लगेच जीभ चावली, कारण मंगळवारीच काका गाव सोडणार होते. तिसरा कपही झाला.

काकांनी चमचा उचलला, पण कपात ठेवला नाही.

"ओक्का," ते म्हणाले, "सिनेमात पुष्कळ काही बनवून लिहावं लागत असेल ना?"

"लागतं, काका."

"तो हात. चहादाणीवरचा. तो तू बनवलास की बघितलेला होता?"

ओक्काने आईकडे बघितलं. रेम्ट आणि वीबकेनेही बघितलं. हॉलमध्ये दीडशे लोक ज्या हाताला हसले होते, तो टेबलावर होता, चहादाणीच्या कानावर.

"तिला काय विचारतोस," थेडाबाई म्हणाल्या. "मला विचार. खरा आहे."

"मला कधी दिसला नाही."

"तू खिडकीबाहेर बघायचास."

"मला वाटायचं, तीन झाले. आता उठावं, तुला एकटीला बसायचं असेल. मला बघितलंस की तुला तो आठवत असेल."

"आणि मला वाटायचं, तीन झाले, याचं कर्तव्य संपलं."

"कर्तव्य?" काकांना धड हसूही येईना. "अगं, मी शनिवारी दाढी करायचो नाही. रविवारी दुपारी ताजी करता यावी म्हणून."

वीबकेने टेबलाखाली नवऱ्याचा हात घट्ट धरला. उठून जावं की बसावं, तिघांनाही कळत नव्हतं, म्हणून तिघंही बसून राहिली.

"मंगळवारी सकाळी गाडी येतेय सामानाला," काका म्हणाले.

"ठाऊक आहे."

"नोव्हेंबरात ऐंशी पुरी होतील मला. उजव्या कानाने ऐकू येत नाही."

"डाव्या बाजूला बसेन. जाऊ नकोस, हाब्बो. इथे राहा."

बोलून झाल्यावर थेडाबाईंनाच दचकल्यासारखं झालं. पोरांसमोर, भरदुपारी, असं. पण शब्द बाहेर पडले होते आणि त्यांना ते परत घ्यायचे नव्हते.

"विचार करून सांगू?" काकांनी विचारलं.

"नको. आत्ता सांग."

"राहतो," काका म्हणाले.

ओक्का रडत हसायला लागली. रेम्ट उभा राहिला, खोकी कधी आणायची ते विचारू लागला, आणि वीबकेने त्याला गप्प बसवलं. थेडाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आनंद तर झालाच होता. पण नुसतं विचारायचं होतं, आणि तो राहतो म्हणाला असता, बावीस वर्षांपूर्वीही म्हणाला असता, एवढं ते सोपं होतं. ते सगळे रविवार एकदम त्यांच्या अंगावर आले आणि त्यांना रडू आवरेना.